जुनी गाडी घरातून काढताना : दारातून हलण्याआधी आणि नावावरून उतरेपर्यंत

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९८ साली घेतलेली पांढरी मारुती ८०० सांगलीच्या आमच्या घरी सव्वीस वर्षं होती. आमच्या भावकीतली ती पहिली चारचाकी. बहीण तिच्यात बसून सासरी गेली, आणि अण्णांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच. ती काढायची वेळ आली तेव्हा काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण गाडी घरातून काढायची आमची ती पहिलीच खेप. ज्यांच्या घरी आता ही वेळ आलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी गिऱ्हाईक शोधतात, मग कागद शोधतात, आणि निरोपाचं काय ते गाडी कोपऱ्यावरून वळताना आठवतं. घरच्यांचा निरोप गाडी दारात असतानाच व्हायला हवा. आणि कायद्याच्या लेखी गाडी जाते ती आरसीवरून (गाडीच्या नोंदणी पुस्तकावरून) तुमचं नाव उतरतं त्या दिवशी, दारातून हलते त्या दिवशी नव्हे. या दोन गोष्टी धरून बाकीचं सगळं लावायचं.

आधी घरात बोला

इथे माझं चुकलं. अण्णा २०२२ साली गेले. त्यानंतर गाडी दोन वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. एक दिवस मी ओळखीच्या दोन-तीन जणांना फोन करून ठेवले. त्यातला एक जण न सांगता घरी आला, ताडपत्री बाजूला करून बॉनेट उघडलं आणि आईला विचारलं, "कितीला काढताय काकू?" गाडी काढायची हे आईला असं कळलं. त्या संध्याकाळी घरात जे झालं ते पुढे कित्येक दिवस निवळलं नाही.

म्हणून पहिला फोन करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला सांगा. गाडी कोण चालवत होतं यावर जाऊ नका. आई एकदाही स्टेअरिंगवर बसली नव्हती, पण डावीकडची सीट इतकी वर्षं तिची होती. दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाताना पुढच्या काचेतून दिसणारा रस्ता तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

वडील हयात असतील पण वयामुळे आता चालवत नसतील, तर आणखी जपून वागा. त्यांच्यासाठी गाडी जाणं म्हणजे आपलं चालवणं कायमचं संपलं हे मान्य करणं असतं. निर्णय त्यांच्या तोंडून येऊ द्या, त्याला दोन महिने जास्त लागले तरी चालेल. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांना बाजूला बसवू नका. सही त्यांची, किल्लीही त्यांच्याच हातून द्यायची.

लहान मुलांना "सर्व्हिसिंगला गेलीय" असं सांगू नका. ती रोज विचारत राहतात आणि आपल्याला रोज नवं खोटं बोलावं लागतं. गाडी म्हातारी झाली, अमुक दिवशी जाणार, हे मुलांना कळतं.

ठेवायची, विकायची की मोडीत द्यायची?

हे इंजिनाचा आवाज ऐकून ठरवू नका. आमचं इंजिन गाडी चालती होती तोवर अर्ध्या सेल्फला सुरू व्हायचं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं साधं इंजिन. ओम्नी आणि अल्टोलाही त्याच घराण्यातलं, त्यामुळे गावोगावचे मेस्त्री ते डोळे झाकून खोलतात. इंजिन बांधून घेता येतं. खरा प्रश्न खालच्या पत्र्याचा असतो.

पायाखालचं मॅटिंग उचला, खालचा जाड थरही उचला आणि मेस्त्रीला स्क्रू ड्रायव्हरने पत्रा टोचून बघायला सांगा. आमच्या गाडीत २०१९ च्या महापुराचं पाणी सीटपर्यंत शिरलं होतं. तेव्हा धुऊन, वाळवून, वायरिंग बदलून ती पुन्हा रस्त्यावर आणली. विमा फक्त थर्ड पार्टी होता आणि त्यात महापूर बसत नाही, म्हणून सगळा खर्च खिशातून झाला. वरून गाडी लख्ख दिसायची. पाच वर्षांनी मेस्त्रीने ड्रायव्हरच्या पायाखाली टोचलं तर स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला आणि खालची फरशी दिसली. मारुती ८०० सारख्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासिस (खालचा सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार पेलते. असा पत्रा सडला की ठिगळं मारून गाडी उभी राहील, पण धडकेत माणसाला वाचवणार नाही. अशी गाडी दुसऱ्याला विकू नये असं मला मनापासून वाटतं, मग तो कितीही पैसे देवो. आमचा निर्णय त्या एका भोकाने केला.

पत्रा धड असेल आणि गाडी ठेवायची इच्छा असेल तर हिशेब मांडा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी रीपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. २०१८ साली आम्ही पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा ३,००० भरला होता. मुदत संपल्यावर उशीर केला तर मोटारीला दरमहा ५०० रुपये दंड. फीचे आकडे बदलत असतात, म्हणून जायच्या दिवशी परिवहनच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून सत्तरच्या दशकात निघालेल्या फियाट आणि पद्मिनी आता या वयाला पोचू लागल्या आहेत. मूळ स्वरूपात असलेल्या अशा गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढायची, रोज बाजाराला न्यायची नाही. आजोबांची पद्मिनी धड असेल तर मोडीत द्यायची घाई अजिबात करू नका.

'आठवण म्हणून' ताडपत्रीखाली ठेवणं मात्र टाळा. आम्ही तेच केलं. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, टायरला चिरा गेल्या, बॅटरी मेली आणि त्यातच २०२३ मध्ये आरसीची मुदत संपली. चालती गाडी दोन वर्षांत मोडीची झाली आणि ते सगळं आम्ही रोज खिडकीतून पाहत होतो.

कागदांची पिशवी

निर्णय झाला की लगेच हे काम. प्रत्येक जुन्या गाडीच्या कागदात काहीतरी एक गोष्ट अडकलेली असते, ती गिऱ्हाईक दारात येण्याआधी सापडलेली बरी.

सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि दिसेल ते आरसीशी ताडून पाहा : मालकाचं नाव, इंजिन नंबर, चासिस नंबर, मुदत, विमा, पीयूसी. मग बॉनेट उघडून गाडीवर कोरलेले नंबरही बघा. मधे कधी इंजिन बदलून बसवलं असेल आणि त्याची नोंद केली नसेल तर तिथेच गाडं अडतं. जुनं पुस्तकवालं आरसी असेल तर गाडी ऑनलाइन दिसतच नाही असंही होतं. तेव्हा ज्या आरटीओत नोंदणी आहे तिथे मूळ पुस्तक नेऊन 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. मोबाइल नंबरही जोडून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला ओटीपी लागतो.

आमची गोष्ट अडकली होती बोजात. अण्णांनी गाडी पतसंस्थेच्या कर्जावर घेतली होती. कर्ज फिटून वीस वर्षं झाली, शेवटच्या हप्त्याची पावतीही होती, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायचा राहिला होता. मधल्या काळात ती पतसंस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. नव्या संस्थेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्का मिळवायला तीन हेलपाटे झाले. तुमची गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आज रात्रीच आरसी काढून बघा. 'एचपीए' (कर्जाची नोंद) समोर बँकेचं किंवा संस्थेचं नाव दिसलं की काम तिथून सुरू करायचं.

ई-चलन बाकी असेल तर भरून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (नवी सुरक्षित नंबरप्लेट) पाटी बसवलेली नसेल तर नावबदलाचं काम अडतं, तेही आधीच उरका. आरसी हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ भरायचा.

मालक हयात नसतील तर

कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर आरटीओला तीस दिवसांत द्यायची असते, आणि गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज, म्हणजे फॉर्म ३१, तीन महिन्यांत. त्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही हे मला माहीत आहे. आम्हालाही सुचलं नाही. पण दहाव्या-तेराव्याचं उरकल्यावर बँक आणि घराच्या कागदांसोबत गाडीचाही एक कागद त्या यादीत घाला.

मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती असलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. बहीण-भाऊ परगावी असतील तर ते दिवाळीला वगैरे एकत्र आले की सह्या करून घ्या. नंतर कुरिअरने कागद फिरवण्यात महिने जातात. गाडी विकायची असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते. मोडीत द्यायची असेल तर केंद्रात मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा दाखवावा लागतो.

आता आरसीवर वारसदार म्हणून नॉमिनी लावता येतो. नवीन गाडी घ्याल त्या दिवशीच लावा.

विकत असाल तर : कोऱ्या फॉर्मवर सही नाही

माझ्या चुलत्यांनी पूर्वी त्यांची जीप एका दलालाला दिली. पैसे रोख मिळाले, फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाच्या अर्जांवर) सह्या करून दिल्या, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव कोरं. "काका, बाकीचं मी बघतो," असं तो म्हणाला. चार वर्षांनी अपघाताच्या दाव्याची नोटीस चुलत्यांच्या नावाने घरी आली. जीप तोपर्यंत तीन हात फिरली होती आणि आरसीवर चुलतेच मालक होते. सत्तरीतल्या माणसाला दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

हे कायद्याला धरूनच झालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरली असली, तरी नोंदीवर ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. त्या खटल्यातही पहिल्या मालकाने गाडी विकून टाकलेली होती.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरा. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, रक्कम, सगळं. विकल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, ती दलालावर सोडू नका. नावबदलाचा अर्ज ऑनलाइन करता येतो; गिऱ्हाइकाला शेजारी बसवून तुमच्याच घरी भरा आणि अर्जाचा क्रमांक स्वतःकडे ठेवा. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला आधी लागतो.

ताबा पावती वेळेसकट लिहा : अमुक तारीख, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटं, किलोमीटर इतके, यापुढचं चलन, अपघात, गुन्हा घेणाऱ्याकडे. घेणाऱ्याच्या आधारकार्डाची प्रत जोडा, गाडीसोबत त्याचा फोटो काढा. पोलिसांचा फोन आला तर ही पावती उपयोगी पडते, पण ती नावबदलाची जागा घेत नाही. मी तर म्हणेन, ठरलेल्या रकमेवर पाच-सात हजार अनामत घ्या आणि नाव बदललं की परत करा. घेणाऱ्याने आरटीओचं काम लवकर केलं तर त्यालाच ते लवकर परत मिळतील, आणि प्रामाणिक गिऱ्हाईक याला नाही म्हणत नाही.

आणि गाडीचे दोष सांगून विका. महापुरात बुडालेली असेल तर तेही सांगा. घेणाराही कुणाला तरी शेजारी बसवून ती चालवणार असतो.

मोडीत देत असाल तर

कोपऱ्यावरचा भंगारवाला रोख देतो आणि गाडी ओढून घेऊन जातो, पण तुमचा नंबर आणि चासिस नंबर जिवंतच राहतो. उद्या तोच नंबर चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस तुमच्या दारात येतील. गाडी सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. हे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले, आणि मान्यताप्राप्त केंद्रांची यादी परिवहनच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर आहे. तिथेच अर्ज करून दर मागवता येतो.

रक्कम बहुतेक वजनावर ठरते. आमच्या गाडीसारखी साडेसहाशे किलोची गाडी असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. गाडी न्यायचा खर्च कोणाचा, सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा भाव धरलाय का, हे आधी विचारा. त्यात प्लॅटिनम आणि पॅलेडियमसारखे धातू असतात, त्यामुळे ते काढून घेऊन वजनाचा भाव सांगणारेही भेटतात.

केंद्र गाडीचा नंबर चोरीच्या नोंदींशी ताडून पाहतं, मग तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, देतं. हा कागद जपा. नवीन गाडी घेताना त्यावर नोंदणी फी माफ होते आणि खासगी गाडीला वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात तिची मर्यादा २५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं. हे सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावावरही करता येतं, त्यामुळे नवीन गाडी मुलाच्या नावावर येणार असली तरी ते वाया जात नाही. गाडी प्रत्यक्ष तोडल्यावर दुसरा कागद येतो, सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग. निरोप पूर्ण होतो तो या दुसऱ्या कागदाने.

तिसरी वाट थोड्यांनाच माहीत असते. गाडी चालवण्याजोगी नसेल पण इंजिन, गिअरबॉक्स शाबूत असेल, तर जवळच्या आयटीआयमध्ये विचारा. मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकायला अशा गाड्या लागतात. फक्त आधी आरटीओकडून नोंदणी रद्द करून घ्या, आणि संस्थेकडून लेटरहेडवर पोच घ्या.

गाडी रिकामी करणं

याला एक अख्खी दुपार ठेवा आणि एकट्याने करू नका. आम्ही तिघं बसलो होतो, आई, बहीण आणि मी, मधे एक जुनी चादर पसरून.

सीटच्या सांध्यांत हात घाला, पुढच्या सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून रुळांखाली बघा, सन व्हायझर, दारांचे कप्पे, स्टेपनीच्या खालची खोबण. आमच्या गाडीत आईची दोन पिनं निघाली, वाडीच्या प्रसादाची पुडी, अण्णांचा चष्म्याचा डबा, पंचवीस पैशांची नाणी, एक कॅसेट. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये कागदांच्या तळाशी अण्णांची पेट्रोलची वही. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. १९९८ पासूनचे रकाने, एकाच निळ्या शाईत. ती वही आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. कागद चाळल्याशिवाय पिशवीत कोंबू नका, हे एवढ्याचसाठी सांगतोय.

डॅशबोर्डवरचा गणपती उपटून काढू नका, तळाशी तुटतो. जाड दोरा घ्या, मूर्तीच्या मागून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे ओढा, डिंकाची पट्टी कापली जाते. आमचा गणपती आता देव्हाऱ्यात आहे.

आठवण म्हणून काय ठेवावं? गिअरच्या दांड्यावरची गोल मूठ, मागच्या बाजूची नावाची पट्टी, सर्व्हिस बुक, गाडी घेतल्याची पहिली पावती. मोडीत देत असाल तर एक किल्ली ठेवता येते. विकत असाल तर दोन्ही किल्ल्या घेणाऱ्याच्या. नंबर प्लेट मात्र ठेवू नका. भिंतीवर लावायला ती छान दिसते, पण चोरीला गेली तर तुमच्या नंबरची पाटी भलत्या गाडीवर लागू शकते. ती केंद्रात गाडीसोबतच जाऊ द्या. अलीकडची गाडी असेल तर तिच्या स्क्रीनमधले फोनचे नंबर, घराचा पत्ता आणि जोडलेले मोबाइल पुसायला विसरू नका.

शेवटची फेरी

ही आरसी, विमा आणि पीयूसी चालू असतानाच करा. आमची राहून गेली. आईला शेवटचं एकदा वाडीला जायचं होतं आणि तोपर्यंत तिन्हीची मुदत संपलेली होती, पत्र्याला भोक होतं. तशी गाडी रस्त्यावर काढणं बरोबर नव्हतं. तुमच्या गाडीची मुदत अजून बाकी असेल तर निर्णय झाल्याबरोबर पहिली गोष्ट ही करा. लांब कुठे नको, गाडी नेहमी जिथे जायची तिथेच जा, आणि ज्याची जी सीट होती तिथेच त्याला बसवा.

आम्ही अंगणातच चारी दारं उघडून बसलो. मी अण्णांच्या जागी, आई डावीकडे, मागे बहीण आणि तिची मुलं. आईने दसऱ्याला लावायची तशी हळद-कुंकवाची बोटं बॉनेटवर ओढली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. बॅटरी नव्हती, म्हणून हॉर्न वाजला नाही. कुणी फार बोललं नाही. अर्धा-पाऊण तास तसेच बसलो असू.

न्यायच्या दिवसाआधी एक काम विसरू नका. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीची मागची चाकं ब्रेकच्या ड्रममध्ये चिकटतात. आदल्या दिवशी हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला घालून ढकलून बघा. हलली नाही तर जॅक लावून, टॉमीने (नट फिरवायच्या दांड्याने) नट सोडवून ड्रमवर लाकडी ठोकळ्याने हळू ठोका. हे आधी केलं नाही तर क्रेनवाला चाकं घासत, साखळीने ओढत गाडी वर चढवतो, आणि तो आवाज घरच्यांच्या कानात राहतो. ज्याला हे बघायचं नसेल त्याला त्या वेळी आत थांबू द्या. बहीण आत थांबली. आई शेवटपर्यंत फाटकात उभी होती.

नंतरची कामं

फास्टॅग बंद करून अनामत परत घ्या. नवीन मालकाच्या गाडीवर तुमचा टॅग राहिला तर टोल तुमच्या खात्यातून कटत राहतो. पूर्ण विमा असेल तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला लावता येतो. मोडीत दिलेल्या गाडीची पॉलिसी नोंदणी रद्द झाल्याचा कागद दाखवून बंद करायची.

मग दर आठवड्याला ॲपवर नंबर टाकून बघत राहा. विकली असेल तर नवं नाव येईपर्यंत, मोडीत दिली असेल तर नोंदणी रद्द दिसेपर्यंत. दीड महिना उलटला तरी बदल दिसत नसेल तर कागद घेऊन आरटीओत जा, फोनवर भागवू नका.

आमची नोंद रद्द झाल्याचं मला एका रविवारी सकाळी दिसलं. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून नंबर अंक-अंक करून वाचला, मग आतून अण्णांची वही आणि पेन घेऊन आली आणि म्हणाली, "लिही." शेवटच्या ओळीखाली मी तारीख लिहिली, गाडी देताना मीटरवर होते ते किलोमीटर लिहिले. लिटर आणि रुपयांचे रकाने तिने मोकळे ठेवायला सांगितले.